ओळख नसलेला ससा

भुताखेतांवर बोलायला नांदेड जिल्ह्यात संगमेश्वर बिराजदारांइतका तयार माणूस दुसरा नव्हता. वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता त्यांनी बिलोलीपासून भोकरपर्यंतच्या शाळांत 'भूत नसते' या एकाच विषयावर एकेचाळीस व्याख्यानं दिली होती. प्रत्येक व्याख्यानाचा शेवट ठरलेला. "जे दिसतं त्याला कारण असतं. कारण सापडेना तर प्रयोग पुन्हा करा. तिसऱ्यांदा भूत येत नाही."

भूत तिसऱ्यांदा आलं तेव्हा शनिवार होता आणि दुपारचे सव्वाबारा वाजले होते.

पुढचं कळायला थोडं शास्त्र लागतं. घाबरू नका, बिराजदारांच्या सासऱ्यांनाही ते कळलं होतं आणि त्यांचं उदगीरला भुसाराचं दुकान आहे. पाऊस हुकला की तुरीच्या पानात एक प्रोटीन वाढतं, असं बिराजदारांचं सहा वर्षांपासूनचं म्हणणं होतं. ते प्रोटीन पकडायला ससा लागतो. सशाला ते टोचायचं, ससा त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतो. ती शुद्ध करून पानाच्या रसात सोडली की नेमकं तेवढंच प्रोटीन धरून आणते आणि शेवटी फिल्मवर काळा पट्टा उमटतो.

पण नुसत्या पट्ट्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून शेजारी दुसरी नळी लावायची. तिच्यात दुसऱ्या सशाची अँटिबॉडी, तितकीच शुद्ध, तितकीच मोजून घेतलेली. फरक इतकाच की या सशाने ते प्रोटीन जन्मात पाहिलेलं नसतं. ओळख नाही म्हणून तो काही धरत नाही आणि त्याची जागा कोरी राहते. याला कंट्रोल म्हणतात. कंट्रोलचं काम एकच, काहीही न करणं. हे काम मनापासून करणारी माणसं आपल्याकडे प्रत्येक कचेरीत सापडतात, पण शास्त्रात त्यासाठी परदेशातून बाटली मागवावी लागते.

आणि ती बाटली काम करू लागली होती.

डार्करूममध्ये लाल दिवा होता. प्रयोगशाळा परिचर मलप्पा, मूळचा देगलूरकडचा, ट्रेमध्ये फिल्म हलवत होता. आधी नुसता धुरकट कागद. मग मुख्य नळीचा पट्टा वर आला, ठसठशीत. शेजारची जागा कोरीच होती. अजूनही कोरी. आणि मग पडद्यामागून कोणी पाय न वाजवता चालत यावं तसा, अगदी सावकाश, तिथेही एक पट्टा आला. त्याच उंचीवर.

"आलं बघा सर," मलप्पा म्हणाला. बस लागल्याचं सांगावं तसा.

बिराजदारांनी फिल्म चिमट्याने उचलून लाल दिव्याशी धरली.

"सर, ह्यो ससा जिता हाय का?"

"परदेशातला ससा आहे. आता कुठला जिवंत असणार?"

"मंग जमतंय. जित्यापणी जे ठाऊक नसतंय ते मेल्यावर ठाऊक होतंय. आमच्या चुलत्याला मेल्यावर तेलुगू येऊ लागली."

"तुला काय माहीत?"

"चुलतीच्या अंगात येऊन बोलायचा न्हवं."

बिराजदारांचे पीएच.डी.चे गाइड दयानंद सर हे हळदीवर काम करणारे कडक गृहस्थ. त्यांनी फिल्म खिडकीशी धरली, लगेच खाली ठेवली आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही.

"ओळख नसलेला ससाही पट्टा देतोय, तर ओळख असलेल्याचा पट्टा खरा कशावरून?"

"तेच शोधतोय सर."

"दोनदा मुदतवाढ झालीय. शुक्रवारी समिती आहे. कोरा कंट्रोल दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द होईल. सहा वर्षं गेली असं समजा."

बिराजदारांनी रविवारीही प्रयोगशाळा उघडायला लावली. नवं पाणी, नव्या नळ्या, नवी रसायनं. तुरीऐवजी ज्वारीच्या पानाचा रस घातला, कंट्रोल कोरा. नुसतं पाणी घातलं, कोरा. तूर घातली की पट्टा. शेवटी त्यांनी मलप्पाला नळ्यांवरची नावं झाकून त्यांची अदलाबदल करायला लावली आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. सोमवारी फिल्म धुतली, तर सहा नळ्यांतून सशाने तुरीची नळी बरोबर ओळखली होती.

कंपनीला पत्र गेलं होतं. उत्तर आलं, "आमच्या सशांना असं कोणतंही प्रोटीन दिलेलं नाही. तूर म्हणजे काय ते कृपया कळवावे."

रात्रीच्या जेवणाला पत्नी अंजूने वरण वाढलं. बिराजदार वाटीकडे बघत बसले.

"अहो, निवतंय ते."

"तो हिला ओळखतो."

"कोण?"

"ससा."

"कुणाला ओळखतो?"

बिराजदारांनी वाटीकडे बोट दाखवलं. अंजूने वाटी उचलली, आत गेली आणि उदगीरला वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, "जावईबापूंना दही-भात दे आन् झोपव. शिक्षण लई झालं की असं होतंय."

मंगळवारी दुपारी विभागात कोणी नव्हतं. फ्रीजर मधेच घरघरायचा आणि मधेच गप्प व्हायचा. गप्प झाला की जास्त ऐकू यायचा. बिराजदारांनी ती बाटली बर्फातून काढली आणि उजेडाकडे धरली.

बाटली दहा महिने वापरात होती. दर प्रयोगाला तिच्यातून थोडं थोडं काढलेलं. आतापर्यंत ती तळाला लागलेली असायला हवी होती. ती गळ्यापर्यंत भरलेली होती.

त्यांनी बाटली जागेवर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करायची नाही असं ठरवून दोन पावलं मागे सरकले. एकेचाळीस व्याख्यानांतलं एकही वाक्य आठवेना. आठवली ती लातूरची वर्षाराणी. तिथल्या महाविद्यालयात शिकवणारी, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. ही बाटली मध्यंतरी तिच्याकडे जाऊन आली होती. त्यांनी फोन लावला.

"वर्षाराणी, माझ्या कंट्रोलमधलं तुम्ही किती वापरलंत?"

"सर, बरंच. थोडंसंच राहिलं होतं. सांगायचं राहूनच गेलं, सॉरी सर."

"मग ती भरलेली कशी आहे?"

पलीकडून "भरलेली?" आणि मग लांबून, "विठाबाई, नांदेडची बाटली कंडक्टरकडे तुम्हीच दिली होती ना?"

फोनवर विठाबाई आल्या. तिथल्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणं, सामान बांधणं ही त्यांची कामं.

"हाव सर, मीच धाडली. थर्मासात बर्फ घालून."

"ती भरली कुणी?"

"मीच की. परक्याची बाटली तळाला लावून कशी धाडायची? शेजारणीची वाटी आली तर आपण चिमूटभर साखर तरी घालून देतोय. रिकामी देतोय का?"

"विठाबाई, तिच्यात काय घातलं?"

"त्या लाल झाकणाच्या बाटलीतलं. तेबी सशाचंच हाय. मला विंग्रजी येत न्हाई म्हणून मॅडमनी दोन्हीवर ससा काढून ठेवलाय."

वर्षाराणीचा आवाज मागून आला, बारीक. "सर, लाल झाकण म्हणजे तुम्हीच मला दिलेली तुरीची अँटिबॉडी."

"चांगल्यातलं घातलं सर," विठाबाई म्हणाल्या. "कमी पडू दिलं न्हाई."

बिराजदार स्टुलावर बसले. ओळख नसलेल्या सशाच्या बाटलीत ओळख असलेला ससा जाऊन बसला होता, तोही त्यांच्याच हातचा. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी विठाबाईंचे आभार मानले. त्या म्हणाल्या, "त्यात काय सर."

वर्षाराणीकडे कंट्रोलची नवी, सीलबंद बाटली होती. ती बुधवारी सकाळच्या बसने आली. विठाबाईंनी हात लावायचा नाही या अटीवर. गुरुवारी संध्याकाळी फिल्म धुतली. मुख्य पट्टा आला. शेजारची जागा कोरी राहिली. पाच मिनिटं थांबले, दहा थांबले. कोरीच.

"गेलं," मलप्पा म्हणाला.

"गेलं नाही मलप्पा, नव्हतंच. बाटलीत भेसळ झाली होती." आणि बिराजदारांनी त्याला सगळं समजावून सांगितलं, विठाबाईंसकट.

मलप्पाने शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर हाय सर. तरी मी सोमवारी फ्रीजरला विभूती लावली होती. तीन दिसात उतरलं."

शुक्रवारी समितीतल्या बाहेरच्या तज्ज्ञांनी चष्मा वर करून फिल्म पाहिली. "इथे काहीच नाही."

"नाही सर."

"उत्तम." आणि सही केली. सहा वर्षं वाचली.

चहा झाल्यावर दयानंद सरांनी बिराजदारांना खोलीत बोलावलं आणि दार लोटलं.

"तुमच्या कंट्रोलमधला पट्टा गेला कसा?"

बिराजदारांनी लातूरचा किस्सा रंगवून सांगितला, मलप्पाच्या विभूतीसकट. साखरेच्या वाटीशी सर हसतील अशी अपेक्षा होती. ते हसले नाहीत. त्यांनी टेबलाचा खालचा कप्पा किल्लीने उघडून एक फिल्म काढली. हळदीची. मुख्य पट्टा होता. आणि शेजारी, कोऱ्या जागेत, दुसरा.

"दोन वर्षं झाली," सर म्हणाले. "कोणाला बोललो नाही."

"तुमची बाटली कोणी नेली होती का सर?"

"कोणीच नाही. दोनदा नवी मागवली. सील मीच फोडलं."

"प्रयोग पुन्हा करून पाहिला?"

"एकोणीस वेळा."

बिराजदारांनी कारण सांगायला तोंड उघडलं. बाहेर मलप्पा फरशी पुसत असल्याचा आवाज येत होता. दयानंद सरांनी फिल्म कप्प्यात ठेवली, किल्ली फिरवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"मलप्पाला जरा आत पाठवा. आणि तुम्ही जाताना दार लावून घ्या."