गाणं संपल्यावर उतरा

सोपानतात्यांच्या जीपमध्ये बसणं सोपं होतं, उतरणं अवघड.

बारामती ते इंदापूर शिटं भरून धावणाऱ्या वडापच्या बाकीच्या जीपा हात केला की थांबायच्या, पत्र्यावर थाप मारली की थांबायच्या, रस्त्यात म्हैस आली तरी थांबायच्या. तात्यांची जीप गाणं संपल्यावर थांबायची. तुम्हाला काटेवाडीला उतरायचं असेल आणि काटेवाडी गाण्याच्या मध्यात आली, तर तो तुमच्या नशिबाचा भाग. तुम्ही कितीही ओरडा, तात्या आरशातून तुमच्याकडे बघत आणि शांतपणे सांगत, "चालू गाण्यात ब्रेक मारायचा न्हाय. आपल्यात ती पद्धत न्हाय." मग गाणं संपलं की पिशव्या सांभाळत उसाच्या कडेकडेनं उलटं चालत यायचं.

मी तेव्हा बारामतीत एका बँकेत कारकून होतो आणि घर इंदापूरला. सकाळी एसटीनं जायचो. संध्याकाळची एसटी मनात येईल तेव्हा यायची, म्हणून परतीला तात्यांची जीप. नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं मी त्या जीपमध्ये मांडी आखडून काढली आहेत.

बरं, गाणी तरी कसली? शेजारच्या जीपमध्ये सिनेमातली गाणी, पलीकडच्या जीपमध्ये लावण्या, आणि तात्यांच्या जीपमध्ये इंग्लंडातली चार पोरं. तात्या त्यांना 'पार्टी' म्हणत, आपल्याकडे भजनाची किंवा तमाशाची पार्टी असते तशी. या पार्टीची गाणी सरळ कधी जायची नाहीत. गिटार डिझेल संपत आलेल्या इंजिनासारखी खाकरायची, ढोल एकीकडे आणि गाणारा दुसरीकडे. एका गाण्यात तर किटलीचं झाकण वाजवलेलं होतं. आणि एवढा गोंधळ चालू असताना मधूनच अशी गोड चाल निघायची की आपण नको म्हणत असताना कान तिकडे वळायचा. नेमक्या त्या वेळी तात्या आरशातून मागच्यांचे चेहरे बघत.

गाणं संपलं की विचारत, "कसं वाटलं?"

"बरं हाय की," माणसं म्हणत. बरं हाय म्हणजे काय, हे आपल्याकडे पोरगी बघून आलेल्या कुणालाही ठाऊक असतं. तात्यांनाही ठाऊक होतं. ते पुढच्या गाण्याला आवाज वाढवत.

हा नाद लागला कसा, ते त्यांनीच मला सांगितलं. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. तात्यांनी मेंढरं सोडून स्टिअरिंग धरलं आणि ऐन जवानीत लासुर्ण्याजवळच्या एका कारखान्यात पाहुण्यांच्या जीपवर लागले. तिथं एक यंत्र बसवायला विलायतेहून इंजिनिअर आला. ह्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी. तरी रोज संध्याकाळी दोघं कॅनॉलच्या रस्त्यानं जीप घेऊन जायचे आणि साहेबानं आणलेल्या कॅसेटी ऐकायचे. ही पार्टी साहेबाच्याच गावची होती. यंत्र बसलं, साहेब गेला. जाताना त्यानं नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटवर दोन्ही बाजूंना गाणी भरून तात्यांच्या हातात ठेवली.

"साह्यब गेला, पार्टी ऱ्हायली," तात्या म्हणत. "दोस्ताच्या गावची पोरं म्हंजी आपल्या गावची. आपुनच न्हाय ऐकायचं तर कुणी ऐकायचं?"

गाण्यांचे अर्थ साहेबानं हातवारे करून सांगितले होते. ते तात्यांच्या डोक्यात लासुर्ण्याच्या हवेत वाढले. "ह्ये बांधावरच्या भांडनाचं." "ह्येच्यात थोरला भाऊ वाटणीला कबूल न्हाय." एकदा ते म्हणाले, "ह्ये बोनस न मिळाल्याचं." मी पदवीधर म्हणून लोक माझ्याकडे बघू लागले. मी कान देऊन ऐकलं. त्या पोरांचं इंग्रजी मलाही अक्षर कळलं नाही. बोनस असेलही, असं मी म्हणालो.

पार्टीतल्या मुख्य गाणाऱ्याविषयी मात्र तात्या थट्टा चालू देत नसत. हा गडी एकदा भर कार्यक्रमात घाबरला, स्टेजवरून खाली उतरला आणि परत कधी चढला नाही, असं साहेबानं हातवाऱ्यांनीच सांगितलं होतं. पुढे पार्टीनं कार्यक्रमच बंद केले. नुसती घरात बसून गाणी करायची.

"मग कसली पार्टी ही?" असं एका पाटलांनी विचारलं.

"पाटील, जत्रंत भल्याभल्यांचं पाय लटपटत्यात. भ्यालं तर भ्यालं. गानं तर सोडलं न्हाय ना?" तात्या म्हणाले आणि लासुर्ण्यापर्यंत पाटलांशी बोलले नाहीत.

सोसायटीच्या निवडणुकीत एका उमेदवारानं प्रचाराला तात्यांची जीप लावली. टपावर कर्णा बांधला. तात्यांची अट एकच, दोन घोषणांच्या मध्ये आपली कॅसेट. उमेदवार घाईत होता, हो म्हणाला. तीन दिवस वाड्यावस्त्यांवर 'बंधू आणि भगिनींनो' झालं की किटलीचं झाकण वाजायचं. उमेदवार सपाटून पडला. लोक तात्यांना बोल लावू लागले तेव्हा ते म्हणाले, "गानी व्हती म्हनून डिपॉझिट तरी वाचलं."

जीपमध्ये त्यांची खरी वैरीण म्हणजे गंगूमावशी. या निमगाव केतकीच्या. सकाळी पानमळ्यातली विड्याची पानं घेऊन बारामतीला यायच्या आणि संध्याकाळी रिकाम्या डालग्यासह तात्यांच्या मागच्याच सीटवर. तोंडात पान आणि तोंडाचा पट्टा सुरू. "सोपाना, ह्ये कुणाला दुखतंय रं? दवाखान्यात तरी ने त्याला." रोज नवा शेरा. मी एकदा विचारलं की मावशी, एवढा त्रास होतो तर दुसऱ्या जीपनं का जात नाही? तर म्हणाल्या, "तितं पाय पसरायला जागा न्हाय." इथं तरी कुठं होती?

घरी तात्यांना टेप लावायची बंदी होती. बायको म्हणे, घरात जित्राबं आहेत, दूध आटेल. मुलांना सिनेमातली गाणी हवीत. बारामतीच्या कॅसेटवाल्याकडे तात्यांनी पार्टीची नवी कॅसेट मागितली. त्यानं दुसऱ्याच कुणा नाचणाऱ्या बाईची दिली, ती यांनी परत केली. पुण्याला माणूस पाठवला, तोही हात हलवत आला. तेव्हा जगात तात्यांपाशी ती एकच कॅसेट होती. आणि मनात एकच इच्छा होती, ती त्यांनी मला एकदा लासुर्ण्यापुढच्या जंक्शन गावच्या टपरीवर चहा पिताना सांगितली. "कुनी तरी आपनहून म्हनावं, तात्या, ते मगाचं पुन्यांदा लावा. येवढ्या वर्सात येक माणूस न्हाय म्हनला." मी लगेच म्हणायला हवं होतं, पण सांगून म्हटलेलं त्यांना चाललं नसतं. आम्ही चहा संपवला.

पुढे काही दिवसांनी ते घडलं. लासुर्ण्याला कॅसेटची बाजू बदलली, जंक्शन गेलं, आणि गाणं ऐन रंगात असताना तात्यांनी करकचून ब्रेक मारला. चालू गाण्यात. सगळी जीप हादरली, आणि अंगाला बसलेल्या धक्क्यापेक्षा हाच धक्का मोठा होता.

टेपनं कॅसेट खाल्ली होती. तात्यांनी ती हळूहळू ओढून काढली. पोटातली सगळी फीत शेवयांसारखी बाहेर आलेली, चुरगळलेली, ठिकठिकाणी तुटलेली. मी पेन्सिल दिली, पण गुंडाळण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तात्या ते भेंडोळं हातात घेऊन कडेच्या मैलाच्या दगडावर बसले. कुणी घाई केली नाही. एरवी जीप दोन मिनिटं थांबली तर हीच माणसं बोंब मारायची. गंगूमावशींनी तोंडातलं पान थुंकलं आणि दुसरं लावलं नाही.

बऱ्याच वेळानं तात्या उठले. कॅसेट रुमालात बांधून समोर ठेवली आणि जीप सुरू केली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. घरचं माणूस पोचवून आल्यावर असतो तसा तो चेहरा होता. इंजिनाचा एवढा आवाज होतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

अंथुर्ण्याच्या अलीकडे एका मळ्यापाशी मागून रोजच्या सवयीनं आवाज आला, "तात्या, जरा थांबा." हे रामभाऊ, ऊसवाले बागायतदार. गेली कित्येक वर्षं ते आपल्या दारावरून पुढे जाऊन उलटे चालत येत आणि तात्यांना शिव्या देत. तात्यांनी मुकाट्यानं ब्रेक दाबला. जीप बरोबर रामभाऊंच्या दारात उभी राहिली. दार उघडलं. रामभाऊ उतरेनात.

"उतरा की," तात्या म्हणाले.

"आं? पन ते किटलीचं आजून व्हायचंय," रामभाऊ म्हणाले. "ते झाल्याबिगर कसं उतरायचं?"

तात्यांना वाटलं, चेष्टा चालली आहे. त्यांनी गिअर टाकला. तेवढ्यात मागच्या सीटवर गंगूमावशींनी अडकित्ता डालग्याच्या कडेवर वाजवायला सुरुवात केली. टक, टक-टक, टक. तेच झाकण, त्याच ठेक्यात, मध्येच अर्धी मात्रा खाऊन, जशी ती पोरं खायची. रामभाऊंनी नाकातून गिटार धरली. एक शाळामास्तर होते, त्यांनी ढोल म्हणून गुडघे बडवले. शब्द कुणालाच येत नव्हते, मलाही नाही, पण चाल सगळ्यांना पाठ होती. गोड वळण आलं तेव्हा जीपमधली तेरा-चौदा माणसं एकदम वर चढली आणि एकदम खाली उतरली. एकही चुकलं नाही. गाणं संपलं तिथं जीप थांबली आणि रामभाऊ उतरून, शिवी न देता, उलटे चालू लागले.

"आता ते वाटणीचं," मावशी म्हणाल्या आणि पुढचं गाणं सुरू झालं.

असे आम्ही निमगावला आलो. मावशींचं गाव. वाटणीचं गाणं नुकतंच संपलं होतं. तात्यांनी जीप थांबवली, पण मागे बघितलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. खांदे हलताहेत, हे मला शेजारी बसून दिसत होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"मावशे," ते म्हणाले, "मला वाटायचं, मी येकलाच ऐकतुया."

गंगूमावशी डालगं काखेत मारून खाली उतरल्या. पदर सारखा केला.

"येवढी वर्सं आमच्या कानात वतलंस," त्या म्हणाल्या, "आन् म्हनं येकलाच. मुकाट बस. ते मगाचं किटलीचं पुन्यांदा व्हऊ द्या रं पोरांनो, मी हितं हुबी हाय."