बोंद्रेजी जागा पाहतात

घर बांधायच्या आधी जमिनीवर चुन्याची पांढरी फक्की मारतात, ती पाया कुठे खणायचा हे कळावं म्हणून. आमचे बोंद्रेजी फक्की मारतात ती कुठे खणायचं नाही हे कळावं म्हणून. त्यांच्या स्कूटरला एका बाजूला फक्कीची पिशवी आणि दुसऱ्या बाजूला लांब टेप कायम लटकलेली असते. हा माणूस कुठल्याही जागेवर पोचला की तासाभरात तिथे वर्तुळंच वर्तुळं उमटतात.

झालं असं, की आमच्या निसर्गमंडळाला खापरखेड्याच्या अलीकडे पाच एकर जमीन दान मिळाली. तिथे शाळेतल्या मुलांसाठी निसर्ग शिक्षण केंद्र बांधायचं ठरलं. दोन खोल्या आणि एक पडवी, एवढंच. मी मंडळाचा सचिव; बँकेतून निवृत्त, राहणार धरमपेठ, आणि खरं सांगायचं तर कुंडीतल्या मोगऱ्यापलीकडे निसर्गाशी माझा संबंध बेताचाच. बोंद्रेजींनी उभी हयात ले-आउट टाकणाऱ्यांकडे आखणीचं काम केलं. नागपूरभोवतीच्या कितीतरी संत्र्यांच्या बागांचे प्लॉट त्यांनीच पाडले. जमिनीतलं कळणारा माणूस म्हणून आम्ही त्यांना मंडळात घेतलं आणि आमच्या नाकी नऊ आले.

पहिल्याच दिवशी त्यांनी वारुळाभोवती फक्की मारली. मग टिटवीच्या अंड्यांभोवती. मग एका साध्या बोराटीच्या झुडपाभोवती.

“इथे काय आहे?” मी विचारलं.

“कोणीतरी राहून राहिलं जी.”

“कोण?”

“ते मले माहीत नाही. पण येण्याजाण्याची वाट पडली हाये. ज्याचं घर हाये त्याले आपण काहून उठवा?”

पावसाचं पाणी ज्या उथळ घळीतून तळ्याकडे जातं, तिच्याही दोन्ही काठांवर त्यांनी रेघा ओढल्या. संध्याकाळी पाहतो तर पाच एकरांत मला स्वतःला उभं राहायला जागा उरली नव्हती. चपलांना चुना लागला म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

पण खरा वाद पेटला मोहावरून. जमिनीच्या मधोमध एक टेकाड आहे, त्यावर जुना, डेरेदार मोह, आणि खाली तळं. केंद्र तिथेच व्हावं असं सगळ्यांना वाटत होतं. आमची आर्किटेक्ट नेहा मोठी हुशार मुलगी. तिनं पडवी अशी काढली होती की ती मोहाच्या बुंध्याला वळसा घालून जाईल. ते चित्र उद्घाटनाच्या पत्रिकेवर छापायचं, आणि कोपऱ्यात सचिव म्हणून माझं नाव, इथपर्यंत माझं मनातल्या मनात ठरून गेलं होतं.

“काका, एकही फांदी तोडणार नाही,” नेहा म्हणाली.

बोंद्रेजींनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला. “फांदीचं नाही वं पोरी, तू त्याचे पाय तोडून राहिली. मुळ्या फांद्यांच्याही बाहेर जाते. त्याच्यात तू पाया खणशीन.”

“पण झाड जगेल ना?”

“जगते न! झाड लगेच मरत नाही. आपलं उद्घाटन होते, हारतुरे होते, फोटो निघते. मंग पाच-सात वर्षांनं ते उभ्या उभ्या वाळते, अन् आपण म्हणतो, कीड लागली.”

त्यांनी सुचवलेली जागा ऐकून तर आम्ही कपाळाला हात लावला. सडकेला लागून एक बंद पडलेली वीटभट्टी होती. भाजून लाल झालेली जमीन, विटांचे तुकडे, गवताची काडी नाही. बोंद्रेजींचं म्हणणं, तिथं जे बिघडवायचं ते आधीच बिघडवून झालं हाये. सडक शेजारी, म्हणजे आतून नवा रस्ता काढायला नको, आणि उतार तळ्याच्या उलट्या बाजूला, म्हणजे सांडपाणी तळ्यात जायला नको. हे सगळं पटण्यासारखंच होतं, पण निसर्ग केंद्र आणि वीटभट्टीवर? लोक काय म्हणतील? माझ्या घरी बैठक झाली, तिथे सगळे एका बाजूला आणि बोंद्रेजी एका बाजूला. चहा तसाच ठेवून ते उठले. दारात म्हणाले, “एक डाव दुपारी या तिथं. मंग तुम्ही म्हणान तसं.”

त्यांनी दिवस निवडला मे महिन्यातला आणि वेळ दुपारी एकची! डोक्याला दुपट्टे गुंडाळून आम्ही गेलो. पाच मिनिटांतच कोणी न सांगता सगळे टेकाडावर, मोहाच्या सावलीत.

“सगळे इथंच काहून आले?” बोंद्रेजी उन्हातच उभे होते. “पोरं बी इथंच येतीन. इथं खोली बांधली त खोलीत बसतीन, अन् पंखा लावा म्हणतीन.”

नेहाला पहिल्यांदा हसू आलं. तिनं नकाशा गुंडाळला. “काका, खोल्या भट्टीवर. वर्ग इथे, झाडाखाली.” माझी पत्रिका गेली, पण हात मीही वर केला.

पावसाळा उलटल्यावर आखणीचा दिवस ठरला. बोंद्रेजी वहिनींना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आले. टेपचं टोक धरायला त्यांना दुसरं कोणी चालत नाही. भट्टीवर माप सुरू झालं. एक भिंत त्यांनी मोजली, पुन्हा मोजली, खुंटी हलवून पाहिली, परत मोजली. मी वैतागलो. “बोंद्रेजी, चौथी वेळ आहे ही. विटांच्या तुकड्यांना कसला धक्का लागणार आहे?”

ते थांबले. माझ्याकडे नाही, टेपच्या दुसऱ्या टोकाशी बसलेल्या वहिनींकडे पाहू लागले.

“एक डाव चुकलो होतो,” ते म्हणाले. “आपल्या घराच्या टायमाले. तो तुहा निंब. ठेवा म्हणे तू, अन् मी म्हणलं, स्वयंपाकघरात येते. म्या चुकीच्या खुंटीपासून टेप धरली होती वं. झाड भिंतीच्या चार फूट बाहेर होतं. तोडाचं कामच नव्हतं. मंग तुले खोटंच सांगतलं, बांधकामाचा नियम बदलला म्हणून भिंत अलीकडं घेतली.”

वहिनींनी टोक सोडलं नाही. “मले माहीत हाये,” त्या म्हणाल्या.

“कोणं सांगतलं?”

“सांगाले कोण पाह्यजे? तोडल्यावर खोड राह्यलं होतं न खिडकीच्या बाहेर. किती वर्षं त्याच्यावर भांडे वाळवले मी.”

“मंग बोलली काहून नाही?”

“तुम्ही महिनाभर धड जेवले नव्हते. त्याच्यावर अजून मी काय बोलू?”

मी तोंड फिरवलं आणि उगाच तळ्याकडे पाहत राहिलो. इतकी वर्षं हा माणूस एकटाच ते ओझं वाहत होता, आणि ती शेजारी बसून त्याला वाहू देत होती, त्याला लाज वाटू नये म्हणून.

“आता बसा खाली,” मागून वहिनींचा आवाज आला. “ऊन झालं. जेवून घ्या.”

त्यांनी फडकं सोडलं, भाकरी आणि ठेचा काढला. बोंद्रेजी विटांच्या तुकड्यांवरच मांडी घालून बसले. मी मोजल्या नाहीत, पण तीन भाकरी तरी त्यांनी खाल्ल्या असतील.