टावर आला

"नमस्कार मुं…" एवढंच आलं आणि रेडिओ खरखरला. मग त्या खरखरीतून कोणी बाई केसांच्या तेलाचं गाणं म्हणायला लागली.

बाबूने कचकन ब्रेक मारला. मी मागे बसले होते, माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. तो मागे वळला. तोंड पांढरं पडलेलं.

"काकी, टावर आला, की पोरगी अडकली?"

मला काय ठाऊक?

बाबू कांबळे आमच्या परळच्या चाळीत राहतो. त्याच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत, तीही पातळ. टॅक्सी चालवतो. वरळीला तो टीव्हीचा उंच मनोरा आहे ना, त्याच्या आसपास गाडी गेली की त्याचा रेडिओ बिघडतो. लावलेलं स्टेशन दबतं आणि दुसरंच डोक्यावर बसतं. अशा वेळी शहाणी माणसं रेडिओ बंद करतात. बाबू आवाज वाढवतो. गिऱ्हाईक ओरडलं की म्हणतो, "थांबा साहेब, टावर आलाय. जाईल."

पुढे हे त्याचं पालुपदच झालं. बायको मध्येच बोलली की, "टावर आला." नळावर दोघी भांडल्या की, "दोन स्टेशनं एकदम लागली, एक बंद करा." चाळ पाडून नवीन इमारत बांधायची म्हणून मीटिंग भरली होती. बिल्डरचा माणूस मोठ्या थाटात म्हणाला, "इथे आता टॉवर येणार!" बाबू उठून म्हणाला, "मग आम्हाला ऐकू काय येणार?" सगळी चाळ हसली. त्या माणसाला वाटलं, हा जास्त जागा मागतोय.

रंजू त्याची मुलगी. लहानपणी बोलताना अडकायची. 'म' आला की गाडी बंद. शाळेत 'माझी आई' वाचायला उभी केली, तर 'मा'च्या पुढे गेलीच नाही. बाईंनी खाली बसवलं. मी वेखंड उगाळून तिच्या जिभेला लावलं. पोरीने तोंड वाकडं केलं, बाकी फरक शून्य.

बाबू सुट्टीच्या दिवशी तिला टॅक्सीत घालून न्यायचा. चाळीला वाटे, हा फुकट गॅस जाळतो. कुठे नेतो ते रंजूनेच मला मोठी झाल्यावर सांगितलं. मनोऱ्याखाली गाडी लावायचा, रेडिओ मोठा करायचा आणि त्या खरखरीत तिला म्हणायचा, "आता बोल. इथे कोणाला ऐकू येत नाही. मला पण नाही." ती दुकानांच्या पाट्या वाचायची. मेडिकल, मिठाई, मच्छी. एकदाही अडकायची नाही. आणि हा बहिऱ्यासारखा काचेतून समोर बघत बसायचा.

ती रंजू आता रेडिओवर लागली. त्या दिवशी तिचा पहिला कार्यक्रम होता. मी म्हटलं, "मोबाईलवर मागाहून ऐक."

"मागाहून ऐकायला मी परका आहे काय?"

मला वरळीच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडून घेऊन वेळेत परळला पोहोचायचं, गाडी सावलीत लावायची आणि शांतपणे ऐकायचं, असा त्याचा बेत. पण मंगळवार होता. सिद्धिविनायकाची गर्दी पार मागेपर्यंत तुंबलेली. त्याच्या घरी मंगळवार नसतो, बुद्धविहारातला रविवार असतो. पण परळच्या टॅक्सीवाल्याने मंगळवार विसरावा? पोरीच्या नादात विसरला, आणि नेमके मनोऱ्याखाली अडकलो.

"काकी, उतरा! दांडी धरा!"

"कसली दांडी?"

"एरियलची! माणसाने धरलं की साफ येतं."

उतरले. भर रस्त्यात एरियल धरून उभी राहिले. मागे हॉर्नचा कल्ला. पोलीस आला.

"आजी, काय करताय?"

"रेडिओ धरलाय. दिसत नाही?"

"साहेब, दोन मिनिटं," बाबू हात जोडून म्हणाला. "पोरगी आहे आत."

पोलिसाने वाकून मागची सीट बघितली. "कुठे आहे पोरगी?"

"रेडिओत."

तेवढ्यात तेलवाली गेली आणि रंजू आली. स्वच्छ. दादरच्या फुलबाजाराचं सांगत होती. प्रत्येक 'म'ला बाबूचे ओठ आधी मिटायचे. "आज मोगरा म…" म्हणाली आणि थांबली.

खरखर नव्हती. तेलवाली नव्हती. नुसती शांतता. या वेळी बाबूने मला काही विचारलं नाही. स्टिअरिंग घट्ट धरून बसला.

मग रंजूने श्वास घेतल्याचं ऐकू आलं. "…महाग झालाय," ती म्हणाली आणि हसली. "माझा 'म' असाच येतो, मंडळी. थोडी वाट बघावी लागते."

पोलीस हसला. बाबू त्याला म्हणाला, "थांबली, पण घाबरली नाही. बघितलंत ना?" रेडिओवरचं कोणी बघतं का? पण पोलीस म्हणाला, "बघितलं."

मग बाबू रडला. मी दुसरीकडे बघितलं. त्याला रडताना बघवत नाही, तोंड फार वेडंवाकडं होतं.

कार्यक्रम संपेपर्यंत मी दांडी सोडली नाही. मुंबईत बाकी कोणी ऐकला ते मला माहीत नाही. त्या रस्त्यावर आम्ही तिघांनी ऐकला: एक पोलीस, मी आणि रंजूचा बाप.