साखर ९.६

"अहो, तुम्ही शुद्धीवर आहात ना?" बायकोने दारातूनच विचारले.

"आत्तापर्यंत तरी होतो," सर म्हणाले. उभी हयात रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते आणि सध्या आरामखुर्चीत पेपर वाचत होते.

बायकोच्या हातात रक्ततपासणीचा रिपोर्ट होता. मागच्या खेपेला सरांची साखर एकशे सत्तर निघाली, तेव्हापासून घरातली बिस्किटेसुद्धा कुलपात गेली होती. आज रिपोर्टवर छापले होते, ९.६.

सरांनी आकड्यापुढचे एकक वाचले. मिलिग्रॅमच्या जागी मिलिमोल. लॅबने मोजमापाची पद्धत बदलली होती, एवढेच. ग्लुकोज असेल तर अठराने गुणायचे, की साखर पुन्हा होती तिथेच. हे सांगायला त्यांनी तोंड उघडले, तेवढ्यात बायको किंचाळली, "साखर संपली हो तुमची! थांबा, केक आणते!"

सरांनी उघडलेले तोंड तसेच ठेवले.

केक झाला, मग जॅम, मग मधाचे दोन चमचे.

"आता कसं वाटतंय?"

"किंचित बरं," सर क्षीण आवाजात म्हणाले, "पण अजून जरा गरगरतंय."

बायकोने चॉकलेटचा डबा उघडला आणि मुलीला फोन लावला. मुलगी ऑफिस टाकून धावत आली. तिने रिपोर्ट पाहिला, लॅबला फोन केला आणि कपाळाला हात लावला.

"आई, साखर एकशे त्र्याहत्तर आहे! त्यांनी एकक बदललंय. बाबा, तुम्ही जन्मभर हेच शिकवलंत ना? तुम्हाला कसं कळलं नाही?"

आता लबाड ठरायचे की अडाणी? सरांनी चॉकलेट गिळले.

"विसरलो गं. वय झालं."

बायको मटकन खाली बसली. तिचे डोळे भरून आले. "मोल विसरलात? झोपेतसुद्धा बडबडायचात ते!"

मुलगी लगेच मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर शोधू लागली. बायकोचे रडणे बघून सरांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"रडू नकोस गं! सगळं आठवतंय मला. अठराने गुणायचं. रिपोर्ट हातात आला तेव्हाच कळलं होतं. केकसाठी गप्प बसलो. शप्पथ!"

बायकोने डोळे पुसले आणि त्यांच्या पाठीवरून मायेने हात फिरवला.

"हो हो, आठवतं हं तुम्हाला सगळं," ती म्हणाली आणि मुलीकडे वळून हळूच कुजबुजली, "आजचीच वेळ घे बाई. आता तर कबूलही करत नाहीयेत."