रेघेपर्यंत पाणी

पाणी कधी खोटं बोलत नाही, हे सरांचं आयुष्यभराचं तत्त्व होतं. पाणी मोजायला आपली आई बसेल, याची तरतूद त्या तत्त्वात नव्हती.

त्रिकोणी नळीतून संथ पाणी कसं वाहतं, याचं गणित सर बारा वर्षं मांडत होते. गोल नळीचं गणित दुसऱ्यांनी केव्हाच उरकून टाकलं होतं. सरांच्या वाट्याला कोपरे आले होते. आता विभागप्रमुखांनी बजावलं होतं, "सोमवारपर्यंत गणिताशी जुळणारे आकडे दाखवा, नाहीतर प्रयोगशाळेची खोली उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना जाईल." आणि नेमकं परीक्षेमुळे त्या खोलीला कुलूप होतं.

म्हणून सगळं सामान घरी आलं. टाकी फडताळावर चढली, दोन मीटरची नळी ओट्यावर आडवी झाली आणि तिच्या तोंडाशी काचेचं मोजपात्र बसलं.

"एवढी लांब कशाला?" बायको म्हणाली. "माझा हात शेगडीपर्यंत पोचत नाहीये."

"अगं, नळीत शिरल्या शिरल्या पाणी चाचपडत असतं. काही अंतर गेलं की स्थिरावतं. मग म्हणायचं पूर्ण विकसित प्रवाह."

"बारा वर्षं झाली. अजून किती अंतर?"

हे तिनं पाण्याबद्दल विचारलं नव्हतं.

तासाभरात पाणी कुठवर यायला हवं, तिथं सरांनी पात्रावर लाल रेघ मारली. परीक्षेच्या देखरेखीला उशीर होत होता. चपला घालता घालता त्यांनी आईला बजावलं, "दर तासाला पाणी कुठवर आलं ते लिही आणि पात्र रिकामं कर. टाकीला मात्र हात लावायचा नाही!"

तीन दिवसांत वहीत एकवीस नोंदी झाल्या. सगळ्या एकच: रेघेवर. सरांनी वही छातीशी धरली.

"आणि टाकीसुद्धा काठोकाठ ठेवलीस, आई!"

"मी कुठं हात लावलाय तिला?"

सरांना तो विनय वाटला.

सोमवारी विभागप्रमुखांनी वही दोनदा चाळली. "एकवीस नोंदी, फरक शून्य! कुठं केलंत हे?"

"घरी. ओट्यावर."

"ओट्यावर?" विभागप्रमुखांनी वही मिटली. "मग इतकी वर्षं खोली कशाला अडवून ठेवलीत?"

दुपारपर्यंत गठ्ठे आत गेले.

सर घरी येऊन ओट्यापाशी नुसते उभे राहिले. आईला राहवेना.

"मी तर अगदी रेघेला टेकवून भरत होते रे."

"भरत होतीस?"

"मग काय करू? त्या नळीतून थेंब पडेना. म्हटलं, पोराची खोली जायची. नळाखाली धरलं पात्र. रेघ तूच मारून गेला होतास."

"अगं, पण टाकीकडं बघायचंस तरी!"

"हात लावू नको म्हणालास ना?"

सर स्टुलावर चढले.

टाकीची तोटी बंद होती.