प्रत माहितीसाठी

निवृत्त हेडक्लार्कसाहेबांनी ठरवलं ते एवढंच, की इंटरनेटच्या स्वातंत्र्याविषयी आता थोडं वाचायचं. निवृत्त माणसाने काही वाचायचं ठरवलं की घरच्यांनी सावध व्हावं. बायको झालीही होती, पण तिचं ऐकतो कोण?

निमित्त पाण्याच्या टाकीचं होतं. तिचं झाकण तीन महिने उघडं आहे आणि नळातून कबुतराची पिसं येतात, असं साहेबांनी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं. चेअरमनने झाकण उघडंच ठेवलं आणि ग्रुप बंद केला. आता तिथे एकटे चेअरमन बोलत. सकाळी सुविचार, संध्याकाळी स्वतःचा फोटो. (पिसं चालूच होती.)

"ही मुस्कटदाबी आहे!" साहेब कडाडले.

"मग गच्चीवर जाऊन झाकण लावून या," बायको म्हणाली.

चौतीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला इतका सरळ उपाय पटतो होय! साहेबांनी आठ दिवस साहित्य जमवलं. मोबाइलवरून चळवळ कशी उभारावी, फोन सुरक्षित कसा ठेवावा, बंद तोंडं कशी उघडावीत. एकशे बारा पानं छापून घेतली, भोकं पाडली, टॅग ओवला आणि वर लाल शाईने 'गोपनीय' लिहिलं. तिसऱ्याच पानावर 'यातलं काहीही कागदावर उतरवू नका' अशी सूचना होती. तिच्याखाली पट्टी ठेवून त्यांनी सुरेख रेघ मारली.

बेत असा होता की, ग्रुप सर्वांना खुला करावा असा अर्ज रविवारच्या सभेत द्यायचा. तोवर सह्या करणाऱ्यांची नावं फुटता कामा नयेत. बाकीच्यांची भीती नुसतीच सवयीची होती, पण तळमजल्यावरच्या टेलरताईंची खरी होती. त्यांचं दुकान चेअरमनच्या गाळ्यात, आणि करार महिनाअखेर संपत होता.

"भाऊ, त्यांना कळलं तर शिलाई मशीन घेऊन मला रस्त्यावर बसावं लागेल."

"ताई, तुमचं नाव या पोटात गेलं ते गेलंच."

"पिसांसारखं," स्वयंपाकघरातून आवाज आला.

शनिवारी दुपारी साहेबांकडे गुप्त सभा भरली. माणसं अकरा. पान सत्तेचाळीसप्रमाणे सगळ्यांचे फोन पिठाच्या डब्यात बंद केले. पाचव्या मिनिटाला डबा वाजू लागला. निवृत्त मास्तरांनी पिठात हात घालून फोन काढला आणि पांढरे पडले. (पीठ वेगळं.) "चेअरमन!"

चेअरमनला मास्तरांकडून फक्त शिडी हवी होती. पण शूरांच्या त्या मेळाव्यातले दोघे तेवढ्यात सही मागे घ्यायला निघाले होते.

सगळे गेल्यावर साहेबांनी सभेचा वृत्तांत फोनवर लिहिला. अ‍ॅप सुरक्षित, कुलूप दुहेरी, मजकूर चोवीस तासांत आपोआप पुसला जाणारा. अकरा नावं, घरक्रमांकांसह. शेवटी हात आपल्या वळणाने चालत राहिला: 'प्रत १) सर्व सहीकर्ते. २) मा. चेअरमन, माहितीसाठी सविनय सादर.'

आणि प्रत म्हणून लिहायचं पण पाठवायचं नाही, असला हलगर्जीपणा साहेबांनी उभ्या नोकरीत केला नव्हता.

पाव तासात बेल वाजली. दारात चेअरमन. मागे जिन्यात, हातातली कात्रीसुद्धा खाली ठेवायचं भान न राहिलेल्या टेलरताई.

"भाऊ, हेच का तुमचं पोट?" ताईंनी विचारलं.

साहेबांनी फाईल चाळली. या प्रसंगावर एकशे बारा पानांत एक ओळ नव्हती.

चेअरमन मात्र ओरडले नाहीत. "चौदा घरांत अकरा सह्या?" ते पुटपुटले. "म्हणजे उरलो मी, माझा मेहुणा आणि तो रिकामा फ्लॅट. अन् उद्याच्या सभेत माझी निवडणूक!" ताठ कणा मतांच्या दिशेने किती सहज वाकतो! त्यांनी जागच्या जागी ग्रुप खुला केला आणि ताईंकडे वळून हसले. "ताई, करार वाढवूच की आपण. मताचं तेवढं बघा."

"आधी सही करा, मग मताचं बघू," ताई म्हणाल्या. दुकानातून करार आणून त्यांनी तिथेच, त्या गोपनीय फाईलवर टेकवून सही घेतली.

"माझी योजनाच ही होती," साहेब म्हणाले. कोणी मान वर करून पाहिलंही नाही.

तेवढ्यात बायको गच्चीवरून हात झटकत आली. मास्तरांची शिडी कोणी वापरत नाही असं पाहून ती झाकण लावून आली होती. टेबलावर कुरकुरणारा नवऱ्याचा फोन तिने उचलला.

"काय म्हणतोय ग्रुप?" साहेबांनी अधीरतेने विचारलं. बोलायला मोकळी झालेली जनता पहिलं वाक्य कोणाविषयी काढणार, याची त्यांना खात्री होती.

"तुमच्याविषयीच आहे. ठराव झालाय. 'हेडक्लार्कसाहेबांचा फोन यापुढे त्यांच्या पत्नीच्या ताब्यात राहील. एकमताने मंजूर.'"

"मला न विचारता?"

"विचारलं नाही, पण कळवलंय." तिने फोन कमरेला खोचला. "खाली लिहिलंय, प्रत हेडक्लार्कसाहेबांना, माहितीसाठी."