बेल्ट लावलाय ना, भाऊजी?

यंत्रांतलं मला कळतं! घरातली इस्त्री, मिक्सर आणि दारावरची बेल मी स्वतः दुरुस्त केलेली आहे. आता बेल दाबली की स्वयंपाकघरातला दिवा लागतो, ही गोष्ट वेगळी. पण कुणीतरी आल्याचं कळतं की नाही?

म्हणून बाबांची जुनी गाडी चढावर तापते म्हटल्यावर मी मुळीच घाबरलो नाही. ही गाडी माझ्याहून वयाने मोठी, म्हणून मनातल्या मनात मी तिला ताईच म्हणतो. तिच्या नाकामागे परातीएवढा लोखंडी पंखा. इंजिन फिरलं की बेल्ट फिरणार, बेल्ट फिरला की पंखा. आणि त्याची ती घरघर! बाबा गल्लीच्या तोंडाशी वळले की ती घरापर्यंत यायची. मी कॉमिक्स उशीखाली सारून भूगोल उघडायचो, आणि आई चहाचं आधण ठेवायची. बाबा दारात येईस्तोवर घरात कसं सगळं आदर्श!

बाबा गेले, आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये चादर पांघरून बसली. या वर्षी आई एकदाच म्हणाली, "मला एकदा ह्यांच्या गाडीतून तुझ्या मावशीकडे ने. तिचे गुडघे गेलेत, माझे जायच्या बेतात आहेत." मावशी टेकडीपलीकडे राहते. म्हणजे चढ आला. चढ आला म्हणजे तापणं आलं.

"विजेवर चालणारे दोन पंखे बसवतो!" मी जेवताना जाहीर केलं.

"माझ्या भावाला विचारा," बायको म्हणाली. तिच्या भावाचं गॅरेज आहे.

मेहुणा फोनवर म्हणाला, "भाऊजी, बेत चांगला आहे. पण रविवारी मी येतो, तोवर हात लावू नका."

मी शनिवारी हात लावला.

काम सोपं निघालं हो! लोखंडी पंखा उतरवला, त्याच्या जागी दोन गोंडस काळे पंखे बसवले, तारा जोडल्या. सैल केलेला बेल्ट नुसताच लोंबत राहिला. पंखाच नाही तर बेल्ट कशाला? नवरदेवच पळाला तर घोडा कुणासाठी? काढला आणि दिला फेकून. त्याच उत्साहात पुढच्या दोन्ही सीटांना सुरक्षेचे बेल्टही बसवून टाकले. आईची काळजी नको का?

बटण दाबलं. पंखे फुलपाखरासारखे भिरभिरले. कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारून मी गाडी फाटकाशी आणली. आई पाठमोरी झाडांना पाणी घालत होती. वळलीच नाही. शेवटी मी हॉर्न वाजवला.

"अगंबाई! कधी आलास? आवाजच नाही आला."

"तीच तर कमाल आहे!"

"हो," ती म्हणाली आणि गाडीच्या नाकाकडे बघत राहिली. "छान आहे."

त्या 'छान'चा अर्थ मला तेव्हा लागायला हवा होता. पण मी कौतुक समजून खिशात घातलं.

रविवारी मेहुणा यायच्या आत आम्ही निघालो. आई पुढच्या सीटवर, गळ्यात बाबांनी आणलेला निळा रेशमी स्कार्फ. समोर एक लाल दिवा सारखा जळत होता.

"हा कसला रे?"

"जुनी गाडी आहे. शोभेचा असेल."

अर्धा चढ चढलो आणि काटा लालात जाऊन बसला. पुढून अशी वाफ उसळली, की जणू आतमध्ये कुणी इडल्याच लावल्यात! मी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. पंखे मात्र जोमात फिरत होते, मग हळूहळू दमले, आणि थांबले. बॅटरीनेही मान टाकली.

मी मेहुण्याला फोन लावला.

"बेल्ट लावलाय ना, भाऊजी?"

"अर्थात! मी लावलाय, आईनेही लावलाय!"

"आईंनी? आईंनी कुठे लावला?"

"पोटावर! घट्ट!"

पलीकडून अगदी हळू आवाज आला, "भाऊजी, इंजिनाचा बेल्ट. पाण्याचा पंप त्याच्यावर चालतो. बॅटरी त्याच्यावर भरते. कुठे आहे तो?"

"कचऱ्याच्या गाडीतून गेला," मी म्हणालो.

आई मात्र हसायला लागली. स्कार्फ सोडत म्हणाली, "हा घे. लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीला ह्यांचा बेल्ट तुटला होता. माझा नवा कोरा स्कार्फ पिळून बांधला आणि घरापर्यंत आणली गाडी. मी दोन दिवस बोलले नाही. मग हा निळा आणून दिला."

"अगं, मग हा कसा बांधू?"

"बांध रे. ह्यांची गाडी आहे, स्कार्फ कळतो तिला."

इंजिन निवल्यावर मी स्कार्फ पिळून, बेल्ट ज्यांवर फिरायचा त्या कप्प्यांवर आवळला, बाटल्यांतलं पाणी ओतलं. मेहुणा फोनवर सांगत होता, "त्या पंख्यांच्या तारा काढा. ढकलून चालू करा. आणि एकदा सुटलात की थांबू नका, चालत्या गाडीचा वाराच तिला गार ठेवेल!"

ढकलायचं मी. मग स्टीअरिंग कुणाकडे?

आई सरकून त्याच्यामागे बसलीसुद्धा. "तू व्हायच्या आधी मैदानात शिकवली होती ह्यांनी. ढकल!"

चाळीस वर्षं मी या बाईच्या हातचं जेवतोय, आणि मला हे माहीत नव्हतं! मी गाडी उताराकडे वळवून ढकलली. खोकली, शिंकली, आणि सुरू झाली. खाली वळणावर आईने झोकात चक्कर मारली आणि गाडी पुन्हा चढाला लावली. माझ्या शेजारून जाताना तिने हात हलवला.

"आई, थांब!"

"थांबायचं नाही म्हणालाय ना तो!"

आणि गेली! वर, टेकडीपलीकडे. मी मागे धावलो, मग चाललो, मग एका कोबीच्या टेंपोत पोत्यांवर बसून मावशीकडे पोचलो.

अंगणात गाडी उभी होती. पुढच्या सीटवर दोघी बहिणी, चार गुडघे विसरून, खिदळत बसलेल्या. आईचे गाल लाल झाले होते. बाबा गेल्यापासून मी तिला अशी पाहिली नव्हती. मला भरून आलं. केसातली कोबीची पानं झटकत मी म्हणालो, "आई, काय चालवलीस गं!"

"बरं झालं आलास," मावशी खिडकीतून म्हणाली. "कधीची वाट बघतोय. आम्हाला तळ्यापर्यंत चक्कर मारायचीय."

मी हरखून मागचं दार उघडायला गेलो.

"आत कुठे येतोस?" आई म्हणाली. "ढकल!"